ग्रंथपालाला विचारा

१

भाची काल सकाळी ग्रंथालयात जाते म्हणून घरातून निघाली आणि परत आलीच नाही. फोन बंद. मैत्रिणींकडे नाही, दवाखान्यांत नाही, स्टँडवर कुणी पाहिलेली नाही. रात्रभर मावशीने घरातले सगळे दिवे चालू ठेवले आणि सकाळी दुसरं काही सुचेना म्हणून ती कामावर आली. घरात बसली असती तर भिंती अंगावर आल्या असत्या.

मावशी विद्यापीठाच्या ग्रंथालयात संदर्भ विभागाची प्रमुख होती. भाचीने इथे संशोधनाला नाव घातलं आणि भर वाचनकक्षात तिला 'मावशी' अशी हाक मारली, तेव्हापासून शिपायापासून प्राध्यापकांपर्यंत सगळेच तिला मावशी म्हणू लागले होते. एरवी तिला त्याची गंमत वाटायची. आज सकाळपासून कुणी तशी हाक मारली की ती चटकन दाराकडे बघत होती.

तिच्या टेबलाखाली बटणवाला पालथा पडून वायरींशी झटापट करत होता. ग्रंथालयाचा टूलबार त्याने बनवला होता, म्हणून त्याचं हे नाव. टूलबार म्हणजे ब्राउझरच्या माथ्यावर बसणारी एक पट्टी. तिच्यात पुस्तकं शोधायची चौकट, नियतकालिकांचं बटण, आणि उजव्या टोकाला मावशीचं लाडकं बटण: 'ग्रंथपालाला विचारा'. ते दाबलं की वाचकासमोर छोटी खिडकी उघडायची, त्याने प्रश्न लिहिला की इकडे मावशीच्या संगणकावर घंटी वाजायची. विचारणारा कोण, ते मावशीला कळायचं नाही. तो विद्यार्थी आहे, संशोधक आहे की प्राध्यापक, आणि आवारातून लिहितोय की बाहेरून, एवढंच खिडकीच्या डोक्यावर दिसायचं. खिडकी बंद झाली की सगळं पुसलं जायचं. कोण काय वाचतो हे ज्याचं त्याच्यापाशी, हा मावशीचा हट्ट होता, आणि प्रत्येक बैठकीत ती तो छाती फुगवून सांगायची.

घंटी वाजली. खिडकीच्या डोक्यावर 'संशोधक, आवारातून' असं होतं. खाली मजकूर उमटला.

'मावशी, मी काही दिवस दूर जातेय. लग्नाचं दडपण आलंय. मला शोधू नकोस. आईला काही सांगू नकोस.'

तिने घाईघाईने लिहायला घेतलं, 'कुठे आहेस बाळा', आणि खोडलं. असं विचारलं तर घाबरून निघून जाईल. 'मी रागावले नाही' लिहिलं, तेही खोडलं. मग 'आधी घरी ये' लिहिलं. ते हुकूम सोडल्यासारखं वाटलं, म्हणून खोडलं. पुन्हा बोटं की-बोर्डवर ठेवली तोच समोरची खिडकी बंद झाली आणि पडदा कोरा झाला.

बटणवाल्याने टेबलाखालूनच विचारलं, कुणी काही विचारतंय का. मावशीचं लक्ष नव्हतं. भाचीच्या आईचं, म्हणजे मावशीच्या थोरल्या ताईचं, दुसऱ्या गावी हृदयाचं ऑपरेशन होऊन चारच दिवस झाले होते. उद्याच्या गाडीने भाची आईकडे जाणार होती. बॅग भरून पलंगाखाली ठेवलेली मावशीने स्वतः पाहिली होती. ही पोर आत्ता दूर जाणं शक्यच नव्हतं.

मजकूर तिच्या टूलबारवरून आला असेल, पण तो तिने लिहिलेला नव्हता. मग तो लिहिणाऱ्याने भाचीचं काय केलं होतं?

२

इन्स्पेक्टरबाई आल्या. बाई समंजस होत्या, पण घाईत होत्या. सज्ञान मुलगी, लग्न ठरलेलं, निरोपात लग्नाचं दडपण आल्याचं सांगते; अशा मुली आठवड्याभरात परत येतात, असं त्यांचं म्हणणं पडलं. शिवाय निरोप आवारातूनच आला, म्हणजे मुलगी सुखरूप आहे, कुठल्यातरी झाडाखाली बसून रडत असेल.

मावशीने बॅगेची गोष्ट सांगितली, तशा बाई जरा सरसावल्या. निरोप कुठल्या संगणकावरून आला ते दाखवा म्हणाल्या. दाखवता येत नाही, मावशी म्हणाली. मजकूर तरी दाखवा. तो पुसला गेला. कुणी ठरवलं हे असं? मीच, मावशी म्हणाली. संगणक केंद्राकडे नोंद असेल, पण तिथे आधी अर्ज, त्यावर साहेबांची सही, आणि साहेब रजेवर.

"छान," इन्स्पेक्टरबाई म्हणाल्या. "म्हणजे कुणाला माग न ठेवता निरोप पाठवायचा असेल, तर तुमच्या पट्टीइतकी सोयीची जागा नाही. आणि हे सगळ्या विद्यापीठाला माहीत आहे."

मावशीला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं. वाचकांची लाज राखायची म्हणून जो नियम केला, तोच तिच्या पोरीच्या मुळावर आला होता.

तेवढ्यात जावईबापू धावतपळत आला. भाचीचं लग्न ज्याच्याशी ठरलं होतं तो हा, तिच्याच विभागातला तरुण प्राध्यापक. लग्नाआधीच मावशीने त्याला जावईबापू करून टाकलं होतं आणि तो लाजत लाजत ते नाव मिरवायचा. काल संध्याकाळपासून तो मावशीबरोबर वणवण फिरत होता. डोळे तांबारलेले, केस विस्कटलेले, शर्टाच्या खांद्यावर चुन्याचे बारीक पोपडे. मावशीने नेहमीच्या सवयीने ते हाताने झटकले. निरोपाचं ऐकून तो मटकन खुर्चीत बसला.

लग्नाचं दडपण होतं तर मला बोलली का नाही, एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. इन्स्पेक्टरबाईंनी त्याला काल दिवसभर कुठे होता ते विचारलं. तास, मग विभाग, मग मावशीचा फोन आल्यावर शोधाशोध. आज निरोप आला तेव्हा तो विभागात एकटा उत्तरपत्रिका तपासत होता.

मावशीचा फोन वाजला. ताईचा होता. उचलावा तर लागणारच. ताईचा आवाज अजून क्षीण होता. पोरीचा फोन का लागत नाही, तिने विचारलं. मावशी म्हणाली, फोन पडला गं पाण्यात, दुरुस्तीला दिलाय, आणि पोर प्रबंधाच्या मागे आहे. बरं, ताई म्हणाली, आणि फोन ठेवला. डॉक्टरांनी बजावलं होतं, तिला धक्का बसता कामा नये.

फोन ठेवून मावशी वळते तो दारात गाईडसर उभे. भाचीचे मार्गदर्शक. ते कधी ग्रंथालयात पाऊल टाकत नसत, आणि गेल्याच आठवड्यात त्यांनी मावशीकडे एक भलतीच मागणी केली होती: माझी विद्यार्थिनी टूलबारवर काय काय शोधते, ते मला हवंय.

३

गाईडसर म्हणजे जमदग्नी. आवाज चढला की विभागातल्या खिडक्या बंद व्हायच्या. इन्स्पेक्टरबाईंनी त्यांना बाजूच्या खोलीत बसवलं आणि मावशीलाही सोबत घेतलं. पट्टीबिट्टीचं त्यांना काही कळत नव्हतं.

विद्यार्थिनीच्या शोधाची चौकशी कशासाठी, असं विचारल्यावर सर आधी भडकले, मग हळूहळू निवळले. पंधरवड्यापूर्वी भाची त्यांच्याकडे आली होती. एक जुना प्रबंध हाती लागलाय, म्हणाली. कुणीतरी तो जवळजवळ तसाच्या तसा उतरवून पदवी मिळवलीय. कुणी, ते सांगेना. आधी त्या माणसाला विचारते, मग तुम्हाला सांगते, एवढंच. सरांची झोप उडाली. त्यांच्या हाताखालून कितीतरी जण पदवी घेऊन गेले होते. कुणीही असो, चोरी त्यांच्या नाकाखाली झाली होती. ते काल दिवसभर परगावी एका तोंडी परीक्षेला होते. सोबत माणसं होती.

"आणि तुमच्या खिडकीत मी स्वतःच विचारलं असतं," सर मावशीकडे बघून गुरगुरले, "पण आधी नाव भरा, विभाग भरा, मग प्रश्न. कोण भरत बसेल?"

मावशीने सांगितलं की नाव फक्त प्राध्यापकांनाच भरावं लागतं. उत्तर थेट विभागात पोचावं म्हणून त्यांनीच ते मागून घेतलं होतं. संशोधकांच्या खिडकीत नाव नसतं. विद्यार्थ्यांच्या पट्टीवर तर निम्मी बटणंच नाहीत. ज्याला जे लागतं ते त्याच्यापुढे.

सर थक्क झाले. इतके दिवस त्यांना वाटत होतं, आपल्याला दिसतं तेच सगळ्यांना दिसतं.

"सगळ्यांना तसंच वाटतं," मावशी म्हणाली. दुसऱ्याच्या संगणकात कोण डोकावायला जातो?

जाता जाता सर दारात थांबले. खालच्या आवाजात म्हणाले, "मला तुमच्या पट्टीतलं काही कळत नाही. पण ती ज्याने बनवली, तो मनात आणलं तर कुणाच्याही नावाने काहीही पाठवू शकेल. हो ना?"

हो. शकेल. आणि तो माणूस त्या वेळी मावशीच्या पायापाशी, टेबलाखाली होता.

४

बटणवाल्याला विचारायचं म्हणजे मावशीच्या जिवावर आलं. पाच महिने दोघांनी ही पट्टी मिळून बनवली होती. बटण कुठे असावं यावर भांडले होते, एकमेकांच्या डब्यातलं खाल्लं होतं. पण भाचीही त्याला ओळखत होती. नवीन काही केलं की पहिल्यांदा वापरून बघायला तीच पुढे यायची, आणि तो तिच्याशी बोलताना जरा अडखळायचा, हे मावशीच्या नजरेतून सुटलेलं नव्हतं.

वायरीचं भेंडोळं हातात घेऊन तो उभा राहिला. मावशीने एका दमात विचारून टाकलं. तो निरोप तू पाठवलास का?

त्याचा चेहरा पडला. रागावला असता तर बरं, असं तिला वाटलं. तो म्हणाला की आधी लिहून ठेवून नंतर पाठवायची सोय त्याला सहज करता आली असती, खोटं कशाला बोलू. तेव्हा हात टेबलाखाली होते याला काही अर्थ नाही. पण त्याने ते केलेलं नाही. यापलीकडे त्याच्यापाशी सांगायला काही नव्हतं.

निरपराध माणूस इतकं आपल्याच विरुद्ध बोलतो का? की पक्का गुन्हेगारच असं बोलतो? मावशीला काही ठरवता येईना. ज्या माणसाबरोबर रोज बसलो त्याची भीती वाटावी, यासारखी वाईट गोष्ट नाही. ती नकळत दोन पावलं मागे सरकली, आणि ते त्याला दिसलं.

तो पुन्हा टेबलाखाली शिरला. मावशी व्हरांड्यात आली. इन्स्पेक्टरबाई वाचनकक्षात एकेका संशोधकाला गाठून विचारत होत्या. भाचीला शोधायला निघालेली पाच-सहा मुलं हात हलवत परत आली होती. कालपासून पोरीच्या पोटात काही असेल का, या विचाराने तिला भोवळ आली. तोल जाणार तोच कुणीतरी मागून दंड घट्ट पकडला.

५

जावईबापू होता. त्याने तिला बाकावर बसवलं आणि शेजारी टेकला. असं खचून कसं चालेल, तो म्हणाला. तीही माझ्यासारखीच तुमच्यावर विसंबून आहे. सापडेल ती.

मावशीला रडू फुटलं. माझंच चुकलं, ती म्हणाली. पोर समोर होती, किंवा पोर म्हणवणारं कुणी समोर होतं, आणि मला एक अक्षर बोलता आलं नाही. दुसऱ्या कुणी काहीतरी बोलून अडकवून ठेवलं असतं.

"स्वतःला दोष देऊ नका, मावशी," तो तिचा हात थोपटत म्हणाला. "तुम्ही लिहायला घेतलंत, थांबलात, पुन्हा घेतलंत. अशा वेळी कुणालाही शब्द सापडत नाहीत."

किती मायाळू पोरगा, तिला वाटलं. डोळे पुसता पुसता सहज तिच्या तोंडून गेलं, "तुला रे कसं कळलं?"

क्षणभर तो थांबला. मग हसला. "अहो, आपल्या टूलबारवर पेनाचं चित्र हलतं ना, तुम्ही पलीकडे लिहायला लागलात की. मी रोज बघतो. तुम्ही मला साधं उत्तर द्यायचं तरी लिहिता, खोडता, परत लिहिता. आज तर काय झालं असेल, अंदाज आला."

असं होय, मावशी म्हणाली. आपली खोडाखोड प्राध्यापकांना रोज दिसते हे ऐकून तिला त्या दुःखातही थोडं ओशाळल्यासारखं झालं. तो सगळ्यांना चहा आणतो म्हणून उपाहारगृहाकडे गेला.

खोलीत परतल्यावर बटणवाल्याशी काय बोलावं ते तिला कळेना. संशय घेतला होता, माफी मागावी तर तेही घाईचं. काहीतरी बोलायचं म्हणून ती म्हणाली, की ते पेनाचं मला आधी सांगायला हवं होतंस. प्राध्यापकांना देऊन टाकलंस आणि मला पत्ता नाही.

बटणवाला टेबलाखालून बाहेर आला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मावशी," तो म्हणाला, "ते पेन मी अजून कुणालाच दिलेलं नाही."

६

त्याने ते आजच सकाळी, ग्रंथालय उघडल्यावर बसवलं होतं. फक्त चाचणीपुरतं. चाचणीत तीनच संगणक: मावशीचा, त्याचा, आणि भाचीचा लॅपटॉप. वायरी उरकल्या की मावशीला दाखवणार होता, तोच घंटी वाजली आणि पुढचं सगळं घडलं. मावशीच्या बाजूला ते पेन दिसतच नाही. पलीकडच्यालाच दिसतं.

मावशीने खुर्चीची पाठ धरली. पुन्हा विचारलं, प्राध्यापकांच्या पट्टीवर नाही? नाही. विभागातल्या कुठल्या संगणकावर? नाही. आज सकाळच्या आधी कुणी पाहिलं असेल? नव्हतंच, तर पाहणार कसं?

आणि तिने लिहून खोडलं हे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं. इन्स्पेक्टरबाईंनाही नाही. लाज वाटली होती. बटणवाल्याला टेबलाखालून पडदा दिसत नव्हता. मग तिची खोडाखोड या जगात एकाच माणसाला दिसली होती: जो भाचीचा लॅपटॉप उघडून त्या खिडकीसमोर बसला होता त्याला. त्याला वाटलं, हे पेन सगळ्यांच्याच टूलबारवर हलतं.

ज्याने आत्ता तिचा हात थोपटला होता, त्याला.

दार उघडलं. चहाचा ट्रे घेऊन जावईबापू आत आला.

त्याने कप तिच्या हातात दिला आणि ती हसली. ते कसं जमलं ते तिला पुढेही कधी सांगता आलं नाही. बटणवाल्याला ती म्हणाली, तुझी वायर कमी पडतेय ना, जा, घेऊन ये. एवढं बोलून तिने डोळ्यांनी वाचनकक्षाची दिशा दाखवली. तो लगेच निघून गेला. दार आपोआप लागलं. खोलीत दोघंच उरले.

तो तिच्या समोर बसला. चहा घ्या म्हणाला. तिने कप ओठाला लावला आणि न पिताच खाली ठेवला.

"हात थरथरतोय तुमचा," तो म्हणाला.

सकाळपासून पोटात काही नाही रे, ती म्हणाली. मग तो जरा पुढे झुकला आणि अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं: निरोप कुठून आला, ते पोलिसांना शोधून काढता येईल का?

"नाही," मावशी म्हणाली. "आमची पट्टी काही लक्षात ठेवत नाही."

त्याचे खांदे सैल झाले. त्या खांद्यांकडे बघता बघता मावशीला आठवलं की दुपारी तिने त्यावरचे पोपडे झटकले होते.

सगळ्या आवाराला नुकताच रंग दिलेला होता. पोपडे कुठे पडणार? एकाच जागी. या इमारतीच्या तळघरात, जिथे ओल आली म्हणून महिन्यापूर्वी ग्रंथालयाने प्राध्यापकांना दिलेल्या अभ्यासाच्या खोल्या बंद केल्या होत्या. खोल्यांच्या किल्ल्या परत करा, अशा तीन सूचना मावशीने लावल्या होत्या. प्राध्यापकमंडळी पुस्तकं परत करत नाहीत, तिथे किल्ल्या कोण परत करतो. आणि शेवटच्या टोकाची, सगळ्यांत शांत खोली तिने घरचा माणूस म्हणून यालाच दिली होती. तिथे इंटरनेट अजून चालू होतं. आवारातून.

पोर तिच्या पायाखाली होती. कालपासून.

७

दारावर टकटक झाली आणि इन्स्पेक्टरबाई आत आल्या. मागे बटणवाला आणि एक हवालदार. मावशीचा जीव भांड्यात पडला नाही. तो तिथे पडायला अजून वेळ होता. ती उठली. टेबलाला धरून उभी राहिली.

"बापू," ती म्हणाली, "किल्ली दे."

"कसली किल्ली?"

"तुझ्या अभ्यासाच्या खोलीची. परत करायची राहिलीय."

तो हसायला गेला. ती बंद आहे ना, घरी असेल कुठेतरी, बघून सांगतो. मावशीने ऐकलं नाही. तिने इन्स्पेक्टरबाईंना सगळं उलगडून सांगितलं. पेन तीनच संगणकांवर आहे. ते आज सकाळी बसवलं, म्हणजे भाची नाहीशी झाल्यानंतर. हा म्हणतो मी रोज बघतो. प्राध्यापकांच्या पट्टीवर ते नाही. हवा तर याचा संगणक आत्ता आणून बघा. मी लिहून खोडलं हे याला माहीत आहे आणि मी ते कुणाला सांगितलेलं नाही. निरोप आवारातून आला. याच्या खांद्यावर तळघरातल्या भिंतीचे पोपडे होते. आणि तो उतरवलेला प्रबंध कुणाचा, हे पोर आधी त्याच माणसाला विचारणार होती. सरांना सांगण्याआधी, मला सांगण्याआधी, ती दुसऱ्या कुणाला विचारेल?

तो मध्येच म्हणाला की हे सगळं अंदाजाचं आहे, मावशींची मनःस्थिती ठीक नाही. बोलताना तो इन्स्पेक्टरबाईंकडे बघत होता, मावशीकडे नाही.

"माझ्याकडे बघ," मावशी म्हणाली. "मला तुझ्या पदवीचं काही नको. मला काही नको. नुसतं सांग, जिवंत आहे का?"

त्याने बघितलं. आणि मग त्याच्या चेहऱ्यावरचं जे काही कालपासून ताणून धरलेलं होतं ते सगळं एकदम सुटलं. हात खिशात गेला. हवालदार पुढे झाला, पण बाहेर आली ती किल्लीच.

"मी पाणी नेऊन ठेवलं होतं," तो म्हणाला. "दोनदा ठेवलं. सकाळी निरोप लिहीत होतो तेव्हा ती बघत होती. नंतर गेलो तर... तेव्हापासून ती बोलत नाहीये, मावशी."

८

तळघराच्या पायऱ्या मावशी कशी उतरली ते तिला आठवत नाही. बटणवाल्याने तिचा हात धरला होता की तिने त्याचा, हेही नाही. ओलीचा वास, दोन्ही बाजूंना पुस्तकांचे रिकामे लोखंडी घोडे, भिंतींवरून सुटलेले चुन्याचे पापुद्रे. शेवटच्या दाराला कुलूप आणि त्याच्यापलीकडे काहीही आवाज नाही. इन्स्पेक्टरबाईंनी तिला मागे थांबायला सांगितलं. ती थांबली नाही.

भाची भिंतीला टेकून बसली होती, मान खांद्यावर कलंडलेली, केसांत वाळलेलं रक्त. मावशीने तिच्या नाकाशी हात धरला. हाताला काही कळेना. मग तिने गाल लावला. गालाला ऊब लागली. श्वास होता. मंद होता, पण होता.

दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं की डोक्याला मार आहे, ताप आहे, अंगातलं पाणी कमी झालंय. जीव वाचेल, पण आणखी एक दिवस गेला असता तर सांगता येत नव्हतं. बाकीचं इन्स्पेक्टरबाईंकडून कळलं. भाचीने त्याला एकट्याला गाठून विचारलं होतं, हे तू केलंस का. त्याने मूळ टिपणं दाखवतो म्हणून खाली नेलं. टिपणं नव्हतीच. शब्दाला शब्द वाढला, त्याने लॅपटॉप हिसकला, ती लोखंडी घोड्यावर आपटली. रक्त बघून तो घाबरला आणि कुलूप लावून पळाला. पुढे काय करायचं हे त्याला कालपासून ठरवता आलं नव्हतं. ते ठरलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार मावशी आजही करत नाही.

बटणवाला पलीकडच्या बाकावर बसून होता. मावशी त्याच्याजवळ गेली आणि म्हणाली की मी तुझा संशय घेतला. तो म्हणाला, तुम्ही दोन पावलं मागे सरकलात तेव्हा वाईट वाटलं होतं, पण तुमच्या जागी मीही सरकलो असतो. मग त्याने विचारलं की पट्टीला आता सगळं लक्षात ठेवायला सांगायचं का. इन्स्पेक्टरबाई तसं सुचवून गेल्यात. काल कुणी विचारलं असतं तर मावशी लगेच नाही म्हणाली असती. आज भीती आत कुठेतरी घर करून बसली होती. नको, ती शेवटी म्हणाली, पण आधीसारख्या ठामपणाने नाही.

संध्याकाळी भाचीने डोळे उघडले. मावशीला ओळखलं. पाणी मागितलं. त्याच्याबद्दल काही विचारलं नाही, आणि मावशीनेही काढलं नाही. भाची एवढंच म्हणाली, "दार उघडं ठेव."

मग ताईचा फोन आला. मावशी खोलीबाहेर आली. आता खरं सांगायचं होतं आणि त्याचीही भीती वाटत होती. त्या दुबळ्या हृदयाला हे झेपेल का? तिने हळूहळू, शब्द जुळवत सुरुवात केली, की ताई, घाबरू नकोस, पोर आता ठीक आहे, पण मी तुला एक खोटं सांगितलं होतं.



"मला पहिल्याच फोनला कळलं होतं," ताई म्हणाली. "लहानपणापासून तुझं खोटं मला ऐकू येतं."

"मग विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं, तर तू खरं सांगितलं असतंस."

मावशी भिंतीला टेकली. दुसऱ्या गावी, दवाखान्याच्या खाटेवर, ताई दुपारपासून एकटीच हे उराशी घेऊन पडली होती आणि वर तिलाच 'बरं' म्हणत होती.

"दे तिच्याकडे," ताई म्हणाली. मावशी आत गेली आणि तिने फोन भाचीच्या कानाला लावला.